विनानांगरणी भात: शहापूरच्या नव्या गड्यासाठी

दादा, पहिल्याच वर्षी सगळी खाचरं नकोत, पाच गुंठेच घ्या. शेजारच्या रायगड जिल्ह्यात नेरळला शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेलं एसआरटी (सगुणा राईस टेक्निक) हे विनानांगरणीचं तंत्र आपल्या भाताला चालतं. गादीवाफे एकदाच करायचे, मग दरवर्षी त्यांवरच थेट टोकणणी, म्हणजे छोट्या भोकांत बी टाकायचं. राब (रोपांसाठी भाजलेली जागा) नाही, चिखलणी नाही, लावणी नाही.

सध्या इतकंच सांभाळा:

- कापणीनंतर धसकटं उपटू नका, जाळू तर मुळीच नका. मुळं जागेवर कुजतात, त्यांच्या पोकळ्यांतून हवा-पाणी खाली जातं. पुढच्या पावसात वाफा हाताने उकरून बघा, गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या दिसतील.
- वाफ्यावर पाय नको, चालायचं सरीतून.
- तण! बहुतेक जण इथेच हरतात. चिखलणीत गाडलं जाणारं तण इथे उभं राहतं. पहिला महिना शेत सोडू नका. तणनाशक कृषी सहाय्यकांना विचारूनच.

साचलेलं पाणी कमी म्हणजे हवामान तापवणारा मिथेन वायूही कमी, आणि आपल्या धो-धो पावसात मातीही कमी वाहते. भात निघाला की त्याच ओलीवर वाल टोका.

सुरुवातीला शेत विरळ दिसेल, लोक नावं ठेवतील. फुटवे येईपर्यंत धीर धरा, घाबरून नांगर घालू नका.