आम्ही म्हणजे कोण?

"मॅडम, पोरगी हुशार हाय. तेवढं इंग्लिश बोलायला शिकवा, म्हंजी झालं." साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या खोलीत मी नोकरीच्या चाचण्यांची तयारी करून घेते. तिथं खुर्चीवर टेकता टेकताच वडिलांनी निदान सांगून टाकलं. शेजारी मुलगी मान खाली घालून बसलेली. तिला ऋतुजा म्हणू या. ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. गाव कोरेगाव तालुक्यातलं, साताऱ्यात बीबीए, घरी आल्याची शेती. 'मॅनेजमेंट ट्रेनी'च्या जागेसाठी पुण्यात दोन कंपन्यांच्या दिवसभराच्या चाचण्या देऊन आली होती. दोन्हीकडून नकार.

वडील चहाला खाली गेले तेव्हा ती बोलली. "गटचर्चेत तोंडच उघडत नाही, मॅडम. पुण्याची मुलं धडाधड बोलतात."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर लगेच विश्वास ठेवत नाही. तिला दुसऱ्या कंपनीतला दिवस सकाळपासून सांगायला लावला. सहा जणांचा गट, नवं दुकान कुठं काढावं हा प्रश्न, अर्धा तास, आणि भिंतीकडेला कागद घेऊन बसलेले दोन परीक्षक. सांगता सांगता सहज म्हणाली, "त्यांनी दिलेल्या खर्चाची बेरीज चुकली होती. मी शेजारच्या मुलाला सांगितलं, मग त्यानं सगळ्यांना सांगितलं."

"शेजारच्याला कसं सांगितलंस?"

"हळूच."

ती बेरीज परीक्षकाच्या कागदावर कुणाच्या नावानं लिहिली गेली असेल? ही माणसं मनातलं ओळखायला बसलेली नसतात. जे दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच टिपतात आणि त्यावर गुण देतात. साताऱ्यात हे समजावणं तसं सोपं जातं, कारण सैनिक स्कूल आणि अपशिंगे मिलिटरी या फौजींच्या गावामुळं एसएसबीचे, म्हणजे फौजेत अधिकारी निवडायच्या चाचणीचे, पाच दिवस इथं कुणाला ना कुणाला ठाऊक असतात. एसएसबीचं आणि कंपन्यांच्या या चाचण्यांचं मूळ एकच. ब्रिटिश लष्करानं १९४२ मध्ये अधिकारी निवडायला अशा चाचण्या घेणारी मंडळं नेमली, आणि १९५६ पासून अमेरिकेत एटी अँड टी कंपनीनं तीच रीत व्यवस्थापकांना लावून पाहिली. ऋतुजाचा मामा फौजेत. "म्हणजे मामा सांगतो तसं, दोरी आणि फळ्या घेऊन नाला ओलांडायचा?" तिनं विचारलं. तसंच, फक्त नाल्याच्या जागी दुकान.

मुलाखतीचा घोटाळा वेगळा होता. 'कधी पुढाकार घेतलास का,' या प्रश्नाला तिनं कॉलेजच्या स्टॉलची गोष्ट सांगितली होती. आम्ही ठरवलं, आम्ही विकलं, आम्ही हिशेब दिला. मी विचारलं, "आम्ही म्हणजे कोण?" ती हसली. मग घरचं विचारलं, तेव्हा खरी गोष्ट निघाली. आल्याचा भाव गाडीवर ठरतो, गाडी म्हणजे ५०० किलो. व्यापारी नवं-जुनं वेगळं करून दोन भाव लावतात आणि शेतकऱ्याला फटका बसतो. गेल्या हंगामात हिनं चार व्यापाऱ्यांना फोन केले, भावकीतल्या पाच घरांना एकत्र माल काढायला राजी केलं आणि सरसकट एका भावानं दिला.

"हे का नाही सांगितलंस?"

"ते घरचं काम आहे."

'मी केलं' म्हणणं आपल्याकडं आगाऊपणाचं, त्यातून मुलीनं म्हणणं तर फारच. ती सवय मोडावी असं मला वाटत नाही. पण 'पाच घरांना मी राजी केलं, शेवटचा भाव काकांनी ठरवला' यात खोटंही काही नाही आणि काकांचा मानही राहतो. हे वाक्य आम्ही मराठीत घासलं, मग इंग्रजीत. इंग्रजीचा अडसर नव्हताच असं मी म्हणणार नाही. पण वाक्य मराठीतही जमत नव्हतं, हे आधी.

ई-मेलचा ढीग समोर ठेवून आधी काय, नंतर काय हे ठरवायला लावणाऱ्या चाचणीत तिनं वरून खाली एकेक उत्तर देत वेळ संपवला होता. मी चिठ्ठ्या लिहिल्या: मजुरांची टोळी उद्या येणार नाही, पाऊस येतोय, ट्रकवाला थांबलाय, भावाची फी, सोसायटीची नोटीस, लग्नाचं आवतण. तिनं त्या पाच मिनिटांत क्रमानं लावल्या. ट्रकवाला पहिला, आवतण शेवटी, आणि फीची चिठ्ठी उचलून म्हणाली, "हे पप्पा करतील." काम दुसऱ्याकडं सोपवणं हेही त्या चाचणीत पाहतात, हे तिला माहीतच नव्हतं.

तिसऱ्या कंपनीतही निवड झाली नाही. मात्र या वेळी तिनं मेल करून कारण विचारलं. सगळे उत्तर देत नाहीत. यांनी चार ओळी पाठवल्या. गटातलं काम चांगलं, मुलाखत चांगली, आकडेमोडीच्या लेखी चाचणीत कमी. आता ती रोज घड्याळ लावून टक्केवारी आणि तक्त्यांवरची गणितं सोडवते, पुढची चाचणी हिंजवडीला आहे.

वडिलांनी ती मेल माझ्याकडून मराठीत समजून घेतली. बराच वेळ गप्प बसले. "म्हंजी इंग्लिशमुळं न्हाई व्हय?"