नोटिशीत दावा नेमका कशाचा आहे?

प्रश्न : एका चित्रपटमालिकेतली पात्रं घेऊन मी कथा लिहिते आणि त्या फुकट वाचायला देते. 'सर्व हक्क मूळ निर्मात्यांचे' असंही लिहिते. तरी कॉपीराइटभंगाची नोटीस आली. एक रुपयाही कमावला नाही, मग चूक काय?

उत्तर : श्रेय दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. कॉपीराइट कायदा (1957) आधी बघतो तुम्ही काय घेतलंत. किती कमावलंत ते नंतर, भरपाईच्या वेळी. कलम 52 ची सूट खासगी वापर, टीका-समीक्षा आणि चालू घडामोडींच्या वार्तांकनाला आहे. सगळ्यांसाठी खुली ठेवलेली कथा खासगी राहत नाही.

पण घाबरून सगळं पुसून टाकू नका. नुसत्या कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो, तो तिच्या मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्येच आर. जी. आनंद खटल्यात सांगितलं. धाडसी पोलीस अधिकारी कुणीही लिहावा. 'दबंग'मधला चुलबुल पांडे मात्र नाही; इतक्या ठसठशीत पात्राला संरक्षण मिळू शकतं, असं मत मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये नोंदवलं. आणि तुमची कथा मूळ कलाकृतीवर टीका करत असेल, तर उत्तरात ते ठणकावून लिहा. एका गाजलेल्या मल्याळम नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या प्रतिनाटकाला केरळ उच्च न्यायालयाने 1996 मध्ये याच मुद्द्यावर आधार दिला होता. मला तो निकाल फार मोलाचा वाटतो.

प्रश्न : मालिकेचं नाव आणि लोगो असलेले टी-शर्ट विकतो. 'चाहत्यांनी बनवलेले' असं छापतो. चालेल?

उत्तर : नाही. इथे ट्रेडमार्क कायदा (1999) लागतो आणि त्याचा प्रश्न वेगळा आहे: गिऱ्हाइकाला हा माल कंपनीचाच वाटेल का? कंपनीने कपड्यांसाठी तेच चिन्ह नोंदवलं असेल, तर गल्लत होणार हे न्यायालय गृहीतच धरतं. नामांकित चिन्हाच्या बाबतीत गल्लत दाखवायचीही गरज नसते, त्याच्या नावलौकिकाचा गैरफायदा पुरतो. शिवाय लोगो हे चित्रही आहे, म्हणजे कॉपीराइटचा दावा सोबत येतोच. नुसत्या शीर्षकाला कॉपीराइट नसतो (सर्वोच्च न्यायालय, 2015), म्हणून नावासाठी कंपन्या ट्रेडमार्कचाच रस्ता धरतात.

तो दर वेळी यशस्वी होतो असं नाही. 'हरी पुत्तर' चित्रपटाविरुद्ध हॅरी पॉटरचे चित्रपट काढणारी वॉर्नर ब्रदर्स 2008 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेली, पण चित्रपटाला मनाई मिळाली नाही. हॅरी पॉटरच्या वाचकाला फरक कळतो, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. कंपनीने केलेला उशीरही नडला.

प्रश्न : आमच्या मंडळाला गणपतीत एका परदेशी चित्रपटातल्या किल्ल्याचा देखावा करायचा आहे.

उत्तर : 2007 मध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधल्या दुर्गापूजा समितीने हॉगवर्ट्सचा, म्हणजे हॅरी पॉटरच्या शाळेच्या किल्ल्याचा, मंडप उभारला, तेव्हा थेट दिल्ली उच्च न्यायालयात दावा झाला आणि वीस लाख रुपये मागितले गेले. उत्सव संपेपर्यंत मंडप ठेवायची मुभा मिळाली, पण ती तेवढ्यापुरतीच. परवानगी मागा, किंवा किल्ला स्वतःच्या कल्पनेतला करा. देखाव्यावर प्रायोजकाची जाहिरात लावणार असाल, तर परवानगीशिवाय पुढे जाऊच नका.

प्रश्न : लेखक जाऊन 60 वर्षं उलटली, तरी ट्रेडमार्कची नोटीस कशी?

उत्तर : कॉपीराइट संपतो, ट्रेडमार्क दर दहा वर्षांनी नूतनीकरण करून कायम ठेवता येतो. कथा नव्याने सांगा, मुखपृष्ठावर नोटीस पाठवणाऱ्यांचं चिन्ह नको.

प्रश्न : नोटीस दिल्लीहून आली आहे, मी सांगलीत. उत्तर द्यावंच लागेल का?

उत्तर : नोटीस म्हणजे न्यायालयाचा आदेश नव्हे, तरी गप्प बसू नका. दोन्ही कायद्यांनुसार हक्कधारक स्वतःच्या गावी दावा लावू शकतो. कोणतं चिन्ह, नोंदणी क्रमांक काय, कोणता मजकूर घेतला, हे लेखी विचारा. संकेतस्थळाने कॉपीराइटच्या तक्रारीवरून तुमचं काम उतरवलं असेल, तर 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आला का ते बघा. आला नसेल तर ते पुन्हा ठेवण्याची मागणी करा. धमकी निराधार असेल, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 60 खाली आणि ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 142 खाली तुम्हीच दावा लावू शकता.