गोव्यात भर जुलैत चक्रीवादळ का येत नाही?

जुलैत एवढा पाऊस, एवढा खवळलेला समुद्र, आणि वादळं मात्र मे-जूनला नाहीतर दिवाळीच्या आगेमागे. असं का, हा तुमचा प्रश्न. उत्तर बारा-पंधरा किलोमीटर वर आहे.

मी मोरजीचा. श्रावणात घटकाभर उघडीप मिळाली की माडाच्या शेंड्यावर नजर ठेवून ढग बघा. खालचे काळे ढग समुद्राकडून घाटाकडे धावतात. त्यांच्या फटीतून दिसणारे पिंजलेल्या कापसासारखे पांढरे ढग मात्र उलटे, घाटाकडून समुद्राकडे सरकतात. लहानपणी मला तो नजरेचा खेळ वाटायचा.

तो वरचा वारा म्हणजे पूर्वेकडून वाहणारा झोतवारा. पी. कोटेश्वरम या आपल्या हवामानशास्त्रज्ञांनी 1958 मध्ये त्याच्यावर लिहिलं. उन्हाळ्यात तिबेटचं पठार तापतं, वरच्या थरात उत्तरेची हवा दक्षिणेपेक्षा गरम होते आणि हा झोत सुरू होतो. वेग सहज ताशी शंभर किलोमीटरच्या वर. खाली दीड किलोमीटरवर नैऋत्येचा वारा बरोबर विरुद्ध दिशेला.

आता चक्रीवादळ म्हणजे गरम हवेची उभी उतरंड समजा. वाफेचं पाणी होताना सुटलेली उष्णता मधोमध, सरळ रेषेत साठली तरच खालचा दाब उतरत जातो. वरची मडकी एकीकडे, खालची दुसरीकडे ओढली, तर उतरंड टिकेल कशी? पाऊस धो धो पडतो, कमी दाबाचे पट्टेही होतात, पण वादळ बांधलं जात नाही. मे महिन्यात हा झोत अजून बसलेला नसतो, म्हणून 2021 चं तौक्ते आम्हाला घासून गेलं.

2017 चं ओखी मला जास्त आठवतं. 3 डिसेंबर, दत्तजयंती, पौर्णिमेची भरती. वादळ दूर समुद्रात, इकडे पानही हलत नव्हतं, आणि पाणी थेट शॅकमध्ये, म्हणजे किनाऱ्यावरच्या आमच्या तात्पुरत्या खानावळीत. खुर्च्या शोधायला दोन दिवस गेले. तेच ओखी गुजरातकडे वळलं आणि वरच्या पश्चिमी वाऱ्यांनी त्याचा माथा उडवला. थंड पाण्यानेही हातभार लावला. किनाऱ्याला पोचेपर्यंत त्यात जीव उरला नव्हता.

अंदाज करणारे म्हणूनच हवेत फुगे सोडून वरचे वारे मोजतात. फक्त समुद्राचं तापमान बघून 'मोठं वादळ येतंय' म्हणणारे व्हॉट्सॲपवर पुष्कळ, त्यांचं सोडा. तुम्हाला घरबसल्या बघायचं तर विंडी या वारे दाखवणाऱ्या ॲपवर उंची बदला: आधी 850, म्हणजे दीड किलोमीटरवरचा वारा, मग 200, म्हणजे साधारण बारा किलोमीटरवरचा (हे आकडे हवेच्या दाबाचे). दोन्हीकडचे बाण साधारण एका दिशेचे आणि वेगही जवळपास सारखा असेल, तर सावध राहायचं. बाण उलटसुलट दिसले की मी तरी झोपतो.

सप्टेंबर सरताना तो वरचा झोत मोडतो. आमचे शॅक बांधायचे दिवसही नेमके तेव्हाच सुरू होतात.