कृषी केंद्रातला संगणक बदलताना

विंडोज १० चा नियमित आधार (मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्यामुळे बदल अटळ आहे; मात्र तो ३१ मार्चचा हिशेब मिटल्यावर आणि मृगाआधी बियाण्यांची गर्दी सुरू होण्यापूर्वी उरकावा. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची चिप) आणि किमान ४ जीबी रॅम लागते. माझ्या मते ८ जीबीच घ्यावी. बिलांचा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा, कारण न तपासलेल्या बॅकअपवर विसंबून मी स्वतः एका हंगामाची उधारी वहीवरून पुन्हा भरली आहे. बिलाचा जुना प्रिंटर यवतमाळच्या विक्रेत्याकडे नेऊन, नव्या संगणकाला जोडूनच खात्री करावी. यूपीएस हवाच, कारण आपल्याकडे उन्हाळ्यात वीज केव्हाही जाते. जुना संगणक महिनाभर इंटरनेटशिवाय जवळ ठेवावा.