आई भजनाला जाते. आणि तू?

डोंबिवलीची 34 वर्षांची वाचक लिहिते (लांबलचक पत्र थोडक्यात देते): "ऑफिसात साहेबांचा आवाज जरा चढला तरी माझे डोळे भरून येतात. घरी मिक्सर, टीव्ही सहन होत नाही, मी किंचाळते. सासूबाई म्हणतात, एवढं काय लावून घेतेस! मी 'हायली सेन्सिटिव्ह' आहे, असं आता वाचलंय. बाकी त्रास काही नाही. संध्याकाळी गाडीत आईचा फोन असतो. बाबा कसे वागले, काल जेवताना ताट कसं सरकवलं, ते सगळं ती मलाच सांगते, मी शाळेत असल्यापासून. दादाला ताण नको म्हणून त्याला नाही सांगत. मग ती भजनाला जाते. हळवेपणा कमी कसा करू?"

अगं, तीन पानं साहेब, मिक्सर आणि सासूबाईंवर खर्च केलीस आणि आईला शेवटच्या चार ओळी. मी त्या चार ओळींपाशीच अडकले.

तुझ्या प्रश्नाचं आधी उरकते. एलेन अ‍ॅरन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1990च्या दशकात हा 'हायली सेन्सिटिव्ह', म्हणजे अतिसंवेदनशील, स्वभाव मांडला. त्यांच्या अंदाजाने शंभरात 15 ते 20 माणसं अशी असतात. आवाज, उजेड, समोरच्याच्या कपाळावरची आठी, सगळं त्यांना जास्त जाणवतं आणि मनात जास्त वेळ घोळतं. हा आजार नाही. तेव्हा कमीबिमी काही करायचं नाही.

आता आईचं. ठाण्याला कशीबशी टेकायला जागा मिळते आणि फोन वाजतो. आई बोलते, मोकळी होते, टाळ घेऊन देवळात जाते. ते सरकवलेलं ताट मात्र तुझ्याबरोबर डोंबिवलीला उतरतं, पूल चढतं, रिक्षाच्या रांगेत उभं राहतं. तू दार उघडतेस तेव्हा सासूबाई चटणी वाटत असतात, बिचाऱ्या. मग मिक्सर नको होतो!

आणि दादाला ताण नको? घरात सगळ्यात हळवी तू, आणि जपायचं दादाला! मला राग आलाय, आणि तो तुझ्या साहेबांचा नाही. बाबा हात उचलत असते तर मी वेगळं लिहिलं असतं. इथे आईला त्यांच्याशी बोलायचं धाडस होत नाही, म्हणून ती तुझ्याशी बोलते. इतकी वर्षं बाबांना काही कळलेलंच नाही.

सोमवारपासून गाडीत आईचा फोन घ्यायचा नाही. रविवारी सकाळी तू कर, भरपूर बोल, पण बाबांचं सुरू झालं की म्हण, "आई, हे त्यांनाच सांग, मला नको." कारणं देत बसू नकोस. 'हायली सेन्सिटिव्ह' तर उच्चारूही नकोस. ती तुझ्या हळवेपणाची काळजी करणार, आणि तिची समजूत पुन्हा तूच काढणार.

ती रुसेल. "लग्न झालं की मुली परक्याच" हेही ऐकशील. पोटात गोळा येईल, रात्री उठून फोन करावासा वाटेल. करायचा नाही. मंगळवारी पुन्हा वाजला तर "गाडीत आहे, रविवारी बोलू" एवढा मेसेज टाक आणि फोन पर्समध्ये ठेव.

साहेबांचं मग बघू. महिनाभर हे कर आणि मला लिही.