मुलगी 'हार्टस्टॉपर' वाचतेय. वाचू द्यावं का? मराठीत असं काही आहे का?

वाचू द्या. 'हार्टस्टॉपर' म्हणजे निक आणि चार्ली या दोन शाळकरी मुलग्यांच्या प्रेमाची इंग्रजी चित्रकथा. चौदाव्या वर्षी मुलगी मोबाइल बाजूला ठेवून पुस्तक वाचतेय, एवढ्यावर मी तरी पेढे वाटले असते.

'यातून मुलं गोंधळतात का' असं तुम्ही पुढे विचारलंय. नाही गोंधळत. माझ्या पाहण्यातल्या निम्म्या मुली ती पुस्तकं वाचतात, कारण त्यातला रग्बी खेळणारा निक चुकलं की सॉरी म्हणतो आणि मित्रांनी चार्लीची टिंगल केली तर मित्रांनाच सुनावतो. असा मुलगा त्यांना स्वतःच्या वर्गात दिसत नाही. उरलेल्या निम्म्या का वाचतात ते त्यांचं त्यांना माहीत. कृपा करून विचारायला जाऊ नका. 'तू तशी आहेस का गं?' हा प्रश्न जेवणाच्या ताटावर टाकलात तर पुढचं पुस्तक ती उशीखाली लपवून वाचेल, एवढंच होईल.

मी लिहायला बसले ते मात्र तुमच्या शेवटच्या ओळीमुळे. 'असे सामाजिक विषय कोणत्या वयात द्यावेत?' असं तुम्ही लिहिलंय. याच मुद्द्यावरून माझं आणि आमच्या बाईंचं भांडण आहे, आणि ते अजून मिटलेलं नाही.

नाशकात आमच्या सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये आम्ही दोघी मुलांसाठी छोटं वाचनालय चालवतो. बाई म्हणजे माझ्या शाळेतल्या मराठीच्या बाई, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. एरवी बाई कडक पुरोगामी. गणपतीत निर्माल्यावरून लोकांशी भांडणाऱ्या, नववीच्या वर्गात तेंडुलकरांबद्दल बोलणाऱ्या. वाचनाचं वेड मला त्यांनीच लावलं, हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्याविरुद्ध बोलणार आहे.

बारावी करून पुण्याला गेलेल्या एका मुलीने जाताना ॲलिस ओसमनच्या 'हार्टस्टॉपर'चे पहिले दोन खंड आम्हाला दिले. मी ते कॉमिक्सच्या रॅकवर ठेवले. काही दिवसांनी पहिला खंड परत आला तो शेवटच्या पानांना स्टेपलरच्या पिना मारून. पार्टीत दोन मुलं एकमेकांना किस करतात ती पानं. आता गंमत अशी की पहिला खंड तिथेच संपतो आणि दुसरा त्यानंतरच्या सकाळी सुरू होतो. त्यामुळे पुढच्या वाचकाला दुसऱ्या खंडात निक एवढा कावराबावरा का झालाय ते कळेना. मग काय, मुलांनी नखांनी पिना काढल्या. त्याआधी ज्यांना त्या पुस्तकाचं नावही ठाऊक नव्हतं तेही रांगेत उभे राहिले.

कमिटीची बैठक झाली. एक काका म्हणाले, हे बेकायदा आहे. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाने प्रौढांच्या संमतीच्या समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारा 377 कलमाचा भाग रद्द केला, हे त्यांना सांगावं लागलं. पिना मारणाऱ्या आईही आल्या होत्या. मी भांडायच्या तयारीत गेले होते, पण त्या आईंनी मला गार केलं. त्या म्हणाल्या, "किस कुणाचाही असो, माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, मला नको." मी नंतर मुद्दाम त्यांनी पूर्वी परत केलेली पुस्तकं चाळली. एका मुलामुलीच्या गोष्टीतही पिना होत्या! पिना मारण्याची पद्धत वाईट, पुस्तक सार्वजनिक आहे, पण माणूस सरळ. अशा आईशी वयावर बोलता येतं, आणि आम्ही बोललो.

खरी अडचण आमच्या बाईंनी केली. त्या ठामपणे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पुस्तक काढायचं नाही." मी मनात टाळ्या वाजवल्या. मग पुढचं वाक्य आलं: "ते 'समाजप्रश्न'च्या कपाटात ठेवू."

आमचं ते कपाट तुम्ही पाहायला हवं. काचेची दारं, किल्ली बाईंकडे. आत व्यसनमुक्ती, हुंडा, एड्स, पाणीटंचाई, आणि कुणीतरी देणगी दिलेले अहवाल. वक्तृत्व स्पर्धा जवळ आली की मुलं तिकडे फिरकतात, त्यातही आई सोबत असते. जिथे किल्ली मागावी लागते आणि 'कशाला हवंय रे?' याचं उत्तर द्यावं लागतं, तिथलं प्रेमाचं पुस्तक कुठला मुलगा मागेल? ज्याला ते सगळ्यात जास्त हवं असेल तो तर मुळीच मागणार नाही.

मी म्हटलं, बाई, मिलिंद बोकिलांची 'शाळा' उघड्या रॅकवर आहे. नववीतला मुकुंद अख्खं पुस्तकभर शिरोडकरच्या मागे आहे. त्याला आपण समाजप्रश्न म्हणत नाही. बाई म्हणाल्या, "ते साहित्य आहे. हे कॉमिक आहे." हा टोला बरोबर बसला, नाकारत नाही. 'हार्टस्टॉपर' म्हणजे काही 'शाळा' नव्हे. चित्रं गोड, संवाद साधे, पानभर नुसती झाडांची पानं उडतायत. पण गोड आणि साधं पुस्तक चारचौघांत ठेवायचा मान मुलगा-मुलीच्या गोष्टींना मिळतो, तर यांना का नको? यांनीच कायम उत्तम साहित्य का व्हायचं?

मग बाईंनी स्वतःच्या पैशाने हिमांजली शंकर यांचं 'टॉकिंग ऑफ मुस्कान' आणलं. 'हे गंभीर आहे, यातून मुलांच्या मनात करुणा जागी होते,' हा त्यांचा मुद्दा. पुस्तक चांगलंच आहे, आणि 2014 साली भारतात शाळकरी मुलांसाठी असं लिहिणं धाडसाचं होतं. आदल्याच डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने 377 पुन्हा जिवंत केलं होतं. पण रचना बघा. दहावीतल्या मुस्कानने जीव द्यायचा प्रयत्न केलाय आणि तिची गोष्ट तिचे तीन वर्गमित्र सांगतायत. ती स्वतः सांगत नाही.

आणि तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' आठवा, 1981 चं. मित्रा एका मुलीवर प्रेम करते, गोष्ट सांगतो तिचा मित्र बापू, आणि शेवटी मित्रा जीव देते. तेंडुलकर मोठे, तो काळ वेगळा, नाटक मोठ्यांचं, सगळं मान्य. तरी तीसेक वर्षांनी, दुसऱ्या भाषेत, मुलांच्या पुस्तकातही साचा तोच निघाला: ती सोसते आणि दुसरा सांगतो.

हे काही आपल्याकडचंच नाही. अमेरिकेत कुमारांसाठीची पहिली अशी कादंबरी म्हणून जॉन डोनोवन यांच्या 1969 च्या पुस्तकाचं नाव घेतात. त्यात दोन मुलगे एकमेकांना किस करतात आणि पुढे नायकाचा लाडका कुत्रा गाडीखाली सापडून मरतो. मुलगा मनाशी त्याचा संबंध आपल्या 'त्या' कृत्याशी जोडतो. बिचारा कुत्रा. नॅन्सी गार्डन यांच्या 1982 च्या 'ॲनी ऑन माय माइंड'मध्ये दोन मुली प्रेमात पडतात, शाळेत तमाशा होतो, पण कुणी मरत नाही आणि शेवटी दोघी एकमेकींकडे परततात. लोकांना नेमकं हेच झोंबलं असावं असं माझं मत. 1993 मध्ये कॅन्सस सिटीत त्या पुस्तकाची प्रत जाळली. जवळच्याच ओलेथच्या शाळांनी ते वाचनालयातून काढलं, तेव्हा विद्यार्थी आणि पालक कोर्टात गेले आणि 1995 मध्ये जिंकले. आणि 'हार्टस्टॉपर' ज्या इंग्लंडमधून येतं तिथे 1988 पासून 2003 पर्यंत समलैंगिकतेचा 'प्रसार' करायला स्थानिक संस्थांना कायद्याने बंदी होती. शाळेत शिक्षक या विषयावर तोंड उघडायला घाबरत. ओसमनचा जन्म त्या काळातला, 1994 चा.

बाईंचा प्रतिवाद कच्चा नव्हता. "अगं, आपल्याकडे या मुलांचं खरंच वाईट होतं. घरातून काढतात, लग्न लावून देतात. तू त्यांना पानं उडवणारी गोड गोष्ट देणार? ते खोटं नाही का?" यावर त्या बैठकीत मला नीट बोलता आलं नाही, ते इथे बोलते. बाई, तुम्ही इथली उत्तरं वाचता हे मला माहीत आहे, तेव्हा वाचाच. तुमची पुस्तकं वर्गातल्या बाकीच्या एकोणचाळीस मुलांसाठी आहेत. त्यांना करुणा यावी, त्यांनी 'बायल्या' म्हणून चिडवणं थांबवावं म्हणून. ती हवीतच. पण तो चाळिसावा मुलगाही आपल्याकडे पुस्तक न्यायला येतो, आणि त्याला स्वतःचीच दया येऊन काय करायचंय? त्याला शनिवारची दुपार मजेत घालवायची आहे. तुमच्या कपाटात त्याला फक्त एवढंच समजतं की आपण हुंडा आणि पाणीटंचाईच्या मधोमध बसतो. दुःख असू द्या पुस्तकात, भरपूर असू द्या, पण सांगणारा तो असू द्या. आणि मधून मधून त्याला मॅच जिंकू द्या, परीक्षेत कॉपी करू द्या, आगाऊपणा करू द्या.

असो. आता तुमचा मराठीचा प्रश्न. चौदा वर्षांच्या मुलीला देण्यासारखी, जिच्यात असा मुलगा किंवा मुलगी मुख्य पात्र आहे अशी मराठी कुमार कादंबरी आमच्या रॅकवर एकही नाही. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' (2006) सुंदर आहे. पुण्यातलं घर, भाऊ आणि बहीण दोघंही एकाच भाडेकरूच्या प्रेमात, अर्धी गोष्ट तो सांगतो, अर्धी ती. आणि बघा, तिथे भाऊ, तनय, स्वतः बोलतो. पण ती कॉलेजच्या वयासाठी, आत्ता नको. बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर' तुम्ही आधी स्वतः वाचा, पालकांना तिचा जास्त उपयोग. अगदी छोट्यांसाठी कनक शशी यांची गुठली आहे. सगळे जिला मुलगा म्हणतात आणि जिला फ्रॉक हवा असतो, ती. भाचरं असतील तर द्या.

मराठीत का नाही, यावर माझं मत सरळ आहे. मुलांची पुस्तकं मुलं विकत घेत नाहीत. शाळा घेतात, पालक घेतात, आजोबा वाढदिवसाला घेतात. प्रकाशक त्या आजोबांकडे बघून छापतो. लिहिणारे नाहीत असं मला वाटत नाही. वयात येणाऱ्या मुलाचं मन मराठीने 'वनवास'मधल्या लंपनमध्ये जेवढं अचूक पकडलं तेवढं कुठे क्वचितच सापडेल. भाषा तयार आहे, गिऱ्हाईक घाबरट आहे.

कपाटाचं काय झालं विचाराल, तर बाईंनी खंड कपाटात ठेवले की मुलं ते वाचायला नेतात आणि परत करताना सरळ कॉमिक्सच्या रॅकवर टाकतात. बाई उचलून पुन्हा आत ठेवतात. मी त्यात हात घालत नाही. (बरं, एकदोनदा घातलाय.)

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. पहिले दोन खंड निर्धास्त द्या. तिसऱ्यापासून चार्लीचं जेवण टाळणं आणि स्वतःला इजा करून घेणं येतं, चौथ्यात तर तोच मुख्य धागा आहे. ओसमनने ते जबाबदारीने हाताळलंय, तो उपचार घेतो, मदत मागतो. पण तुमची मुलगी स्वतः जेवणावरून, वजनावरून कुढणारी असेल तर ते खंड तिच्या हाती एकटीला देऊ नका, बरोबर वाचा. पाचव्यात शारीरिक जवळिकीचा विषय आहे, त्याला अजून थोडं थांबलात तरी चालेल. खंड चित्रांचे आहेत, एका दुपारी एक सहज होतो, तेव्हा 'मला वेळ नाही' ही सबब चालणार नाही. आणि पुस्तक वाचनालयाचं असेल तर स्टेपलर घरीच ठेवा.