जुने कपडे मी फेकत नाही, देऊन टाकते. मग वरचेवर स्वस्त कपडे घेण्यात चूक काय?

प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही पुढे असंही लिहिलंय, की सगळ्यांनी घेणं कमी केलं तर ते कपडे शिवणाऱ्या बायकांचं काम जाईल. मला हाच मुद्दा जास्त मोलाचा वाटतो, म्हणून त्याच्याकडे सावकाश येते. आधी कपड्याचं बघू.

मी कपडे शिवते. मागे ओळखीतल्या एका मुलीनं काखेत उसवलेला टॉप माझ्याकडे आणला. दोनदाच घातलेला. उलटा करून पाहिला तर शिवणीला माया जवळजवळ नव्हतीच. शिवणीच्या पलीकडे जे कापड सोडतात, ज्याच्या भरवशावर पुढे कपडा सैल करता येतो किंवा उसवला तर पुन्हा टीप मारता येते, त्याला माया म्हणतात. इथे ओव्हरलॉकनं, म्हणजे कड छाटून दोऱ्यानं गुंफणाऱ्या यंत्रानं, कापड अगदी कडेपर्यंत छाटलं होतं. टाकेही लांब लांब होते, कारण टाका लांब घेतला की दोरा कमी लागतो आणि शिवणही भरभर होते. पुन्हा टीप मारायला धरलं तर धागेच सुटून हातात आले. शेवटी दुसऱ्या कापडाचा तुकडा जोडून दिला.

त्या टॉपची गळपट्टी मात्र सुरेख बसली होती. कुठे चुणी नाही, कुठे ओढ नाही. म्हणजे शिवणारीचा हात चांगला होता. अनेकांना वाटतं की हे कपडे यंत्रातून तयार होऊनच बाहेर पडतात. कापड यंत्रावर विणलं जातं, थरावर थर रचून कापलंही जातं. पण मऊ, घसरणारं कापड सुईखाली सरकवायला अजून माणसाचाच हात लागतो. कारखान्यात एक बाई दिवसभर फक्त बाह्या जोडते, दुसरी फक्त गळे करते, आणि तासाला किती नग व्हायला हवेत ते ठरलेलं असतं.

२४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ सावर इथली, असेच शिवण कारखाने असलेली राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. १,१३४ माणसं गेली. आदल्याच दिवशी भिंतींना तडे दिसले होते. त्याच इमारतीतली बँक आणि दुकानं दुसऱ्या दिवशी बंद राहिली. शिवण कारखान्यांतल्या कामगारांना मात्र पगार कापण्याची भीती घालून वर पाठवलं गेलं. बँकेच्या माणसांना घरी राहता आलं आणि शिवणाऱ्यांना नाही, हे मला इतक्या वर्षांनंतरही सहन होत नाही. ऑर्डर ठरल्या तारखेला निघायलाच हवी, हा दबाव त्या धंद्यात रोजचाच आहे.

आता तुमचा रोजगाराचा मुद्दा. बांगलादेशात सुमारे ४० लाख लोक या कामावर जगतात आणि त्यात बायका जास्त आहेत. त्या दुर्घटनेनंतर कामगार संघटनांनी जोर लावला तो मोठ्या ब्रँड्सनी त्यांना कायद्यानं बांधून ठेवणाऱ्या सुरक्षा करारावर सही करावी यासाठी. मे २०१३ मध्ये तो करार झाला, पुढे २०० हून अधिक ब्रँड त्यात आले. स्वतंत्र तपासनीस कारखान्यांत जाऊ लागले, कुलपं लावलेले दरवाजे उघडले गेले, आगीच्या वेळी उतरायचे जिने झाले. धंदा बसला नाही, उलट निर्यात वाढत गेली. मजुरीचं दुखणं मात्र आहेच. २०२३ मध्ये किमान मासिक वेतन १२,५०० टाका (हे तिथलं चलन) ठरलं. संघटना जवळपास दुप्पट मागत होत्या, आणि त्या आंदोलनात कामगारांचे जीवही गेले. कपड्याच्या विक्रीच्या किमतीत शिवणारीच्या मजुरीचा वाटा इतका लहान असतो, की मजुरी दुप्पट केली म्हणून कपडा दुप्पट महाग होत नाही. तेव्हा तिचं काम टिकावं म्हणून तुम्ही दर महिन्याला नवा टॉप घ्यायलाच हवा, असं मुळीच नाही.

आणि देऊन टाकण्याबद्दल. श्रीमंत देशांतले दिलेले कपडे मोठ्या प्रमाणात गासड्या बांधून बाहेर पाठवले जातात. घानाची राजधानी अक्रा, तिथल्या कांतामांतो बाजारात ते येतात. अशा कपड्यांना तिकडे ‘ओब्रोनी वावू’ म्हणतात, म्हणजे मेलेल्या गोऱ्याचे कपडे; कारण जिवंत माणूस इतकं टाकून देईल हे कुणाला खरंच वाटेना. विक्रेत्या बायका गासडी आत काय आहे ते न बघताच विकत घेतात, बऱ्याचदा कर्ज काढून. विटलेलं, फाटलेलं निघालं की पैसे बुडाले, आणि तो माल गटारांतून समुद्रकिनारी जातो. चिलीच्या अटाकामा वाळवंटातही असेच ढीग पडले आहेत. पॉलिएस्टर खनिज तेलापासून बनतं, ते कुजत नाही, आणि धुताना त्याचे बारीक तंतू पाण्यात जातात ते वेगळंच. सुती आणि पॉलिएस्टर धागे मिसळलेले असले की ते वेगळे करणं जिकिरीचं, म्हणून जुन्या कपड्यापासून पुन्हा कपडा होण्याचं प्रमाण १ टक्क्याच्याही खाली आहे.

म्हणून द्यायचंच असेल तर ज्याला हवंय त्याला विचारून द्या. आणि नवीन घेताना कपडा उलटा करून बघा. माया किती सोडलीय, दोन्ही बाजूंनी हलकंसं ताणल्यावर शिवणीत फट पडते का, जादा बटण दिलंय का. मी किमतीच्या चिठ्ठीआधी हे बघते.

ती मुलगी अजून तो टॉप घालते. काखेतला तुकडा वेगळ्या रंगाचा आहे, हात वर केला की दिसतो.